सांदणाच्या वाटीतले मफिन

अझीम मुकादम बहरीनहून कायमचा परत आला, तेव्हा रत्नागिरीजवळच्या पावस गावातल्या घरात त्याच्यासाठी सगळं तयार होतं. पडवीत आरामखुर्ची, पलंगावर नवी चादर, दोन्ही वेळचं गरम जेवण. नव्हतं ते फक्त काम. तीसेक वर्षं तो तिथल्या एका मोठ्या हॉटेलात न्याहारीचा आचारी होता. दोन वर्षांतून एकदा रजेवर यायचा आणि पाहुण्यासारखा राहायचा. आता रजा संपत नव्हती आणि पाहुणेपणही संपत नव्हतं.

घर होतं फातिमाचं. आंब्याच्या कलमांची राखण, विहिरीचा पंप, कोंबड्या, लेकीचं शिक्षण आणि मग तिला चिपळूणला दिली ते लग्न, सगळं तिनेच निभावलेलं. अझीम फोनवर 'बरं' म्हणायचा, तेवढाच त्याचा वाटा.

एका सकाळी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तर फातिमा ओट्यापाशी उभी राहून रात्रीची तांदळाची रोटी कोऱ्या चहात बुडवून खात होती.

"बसून का नाय खात?" त्याने विचारलं.

"कोणाबरोबर बसू?" ती सहज बोलून गेली आणि कोंबड्यांना सोडायला मागच्या दारी निघून गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच अझीमला ते दिवसभर टोचत राहिलं.

त्याने ठरवलं, हिला एकदा आपल्या हातची न्याहारी घालायची. हॉटेलात त्याचे फ्रेंच टोस्ट मफिन नावाजलेले होते. शिळ्या पावाचे तुकडे अंडं, दूध, साखर आणि दालचिनीत भिजवायचे, साच्यात भरायचे आणि भाजायचे. वरून खुसखुशीत, आतून खिरीसारखे मऊ. लेकीने, नाझियाने, ईदला दिलेला ओव्हन कपड्याखाली झाकलेला होता आणि त्यात फातिमाने पापड ठेवले होते. मफिनचे साचे काही घरात नव्हते. मग ज्या स्टीलच्या वाट्यांत तांदळाच्या रव्याचं सांदण उकडतात, त्याच त्याने काढल्या आणि तूप लावून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी नमाज झाल्यावर तो कामाला लागला. हाताला सवय शेकड्यांची. समोर जेवणघर भरून लोक खोळंबलेत अशा झपाट्याने त्याने अंडी फोडली, आणि भानावर आला तेव्हा टोपलीत एकही उरलं नव्हतं. एकामागून एक घाणे निघाले. दालचिनीचा वास विहिरीपर्यंत गेला.

"ओ, लगीन कोणाचं हाय?" हंडा उतरवत फातिमा दारातूनच म्हणाली.

"तुझ्यासाठी केलेत. बस तू."

तिने एक मफिन उचलला, नाकाजवळ नेला आणि हळूच परत ठेवला.

"मी अंडं खात नाय."

"कधीपासून?"

"नाझिया पोटात होती तेव्हा वासाने उलट्या व्हायच्या. तेव्हा सुटलं ते सुटलंच."

"पण मी रजेवर यायचो तेव्हा रोज ऑम्लेट असायचं!"

"तुमच्या ताटात असायचं," फातिमा म्हणाली. "माझ्या ताटात कधी बघितलंत?"

अझीमने ओव्हन बंद केला. सगळे मफिन डब्यात भरून तो शेजारी दमयंतीकाकूंकडे द्यायला गेला. काकूंनी डबा उघडला आणि विचारलं, "यात अंडं असेल ना? मग फातिमाने नसणार खाल्ला." काकूंना माहीत होतं. बहुधा सगळ्या वाडीलाच माहीत होतं.

घरी परतताना तो कलमांभोवतीच्या दगडी गडग्यावर बसला. हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गोऱ्या साहेबाला टोस्ट मऊ लागायचा. दर शुक्रवारी येणाऱ्या बाईंना दालचिनी चालायची नाही. गुजराती कुटुंब आलं की त्यांचा ट्रे वेगळा, पळी वेगळी. इतक्या वर्षांत एकदाही त्याने घोळ घातला नव्हता. तिथे चूक झाली तर बोलणी बसायची. घरात कोणी बोललंच नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

चारेक दिवस गेले. मग त्याने पुन्हा वाट्या काढल्या. या वेळी नारळाचा रस, गूळ, वेलची आणि अंड्याच्या जागी कस्टर्ड पावडर. रस जास्त झाला. वाटी उलटी केली तशी मफिन ताटलीत ढासळला. तरीही दोन ताटल्या घेऊन तो पडवीत आला. हात पदराला पुसत फातिमा जराशी घुटमळली, मग बसली.

"मफिन म्हणजे असा मोडलेला असतो होय?"

"नाय. हा बिघडलाय."

तिने चमच्याने खाल्ला. अजून घेतला. "बिघडलेलाच बरा लागतो," ती म्हणाली.

"अजून काय काय खात नाहीस तू?"

फातिमाने चमचा खाली ठेवला. "भेंडी. आणि तुम्ही आणता ते खजूर."

"दर रजेला पेटी आणायचो मी!"

"अर्धी वाडी खायची." ती हसू लागली. तोही हसला, पण लगेच त्याचा चेहरा उतरला.

"आता तोंड पाडू नका," फातिमा म्हणाली. "मला तरी कुठे ठाऊक हाय तुमच्या आवडीचं? वाढीन ते खाता. मीपण कधी विचारलं नाय. बोला, काय आवडतं?"

अझीमने खूप विचार केला. त्याला एकदम काही सांगता येईना. लोकांचं खाऊन झालं की जे राहील ते पोटात ढकलायची त्याची रीत. "बघूया," तो शेवटी म्हणाला. "एकेक करून बघू."

ऊन अंगणभर आलं तरी त्या दिवशी दोघं तिथेच होती.

आता शुक्रवारची न्याहारी अझीमची असते. कधी रस कमी पडतो, कधी गूळ करपतो. परवा नाझियाचा फोन आला तेव्हा फातिमा म्हणाली, "थांब गो जरा, तुझ्या बाने हाक मारलीय. न्याहारी थंड झाली की रुसून बसतो." आणि फोन चालूच ठेवून ती पडवीत गेली.