भुलाबाईच्या पुस्तकाचं ओव्हरहॉलिंग

भिलाईच्या प्लांटात मी नोकरीभर पंप खोलले आणि परत जोडले. पुस्तक मात्र एकच खोललं.

झालं असं, की माझी मोठी बहीण शकूताई कोजागिरीनंतर दुर्गचं पद्मनाभपूरचं घर सोडून कायमची पुण्याला, लेकाकडे निघाली होती. भुलाबाईची गाणी आमच्या गोतावळ्यात आता फक्त तिलाच येतात. दरवर्षी भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये मातीची भुलाबाई बसते, नात्यातल्या पोरी टिपऱ्या घेऊन जमतात आणि ताई गाते. पोरी (घरात मराठी, दाराबाहेर हिंदी!) फक्त प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द ओढतात.

"मी गेली का हे गाणे बी गेले, असं समज," ताई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मला बहिणीचं रडणं बघवत नाही. म्हणून तोंडातून निघून गेलं, "रडून कावून राहिली? मी याचं ई-पुस्तक करतो ना! सगळ्या पोरींच्या मोबाइलवर टाकतो."

"तुले येते?"

"शिकीन! पंपापेक्षा काय कठीण असन?"

"झालं!" आमची कुंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. (लग्नापासून माझ्या प्रत्येक बेताला तिने हाच एक शब्द वापरला आहे आणि तो कधी वाया गेलेला नाही.)

ताई गायची, मी दोन बोटांनी टाइप करायचो. ओळी मधोमध दिसाव्यात म्हणून मी स्पेस दाबून दाबून त्या सरकवल्या. कंप्युटरवर असं देखणं पान! तीच फाइल मोबाइलवर उघडली तर ओळी पांगलेल्या. ताईला दिसावं म्हणून अक्षर मोठं करावं, तर सासरच्या गाण्याच्या ओळी माहेरच्या गाण्यात घुसायच्या. जोडाक्षरं सुटी होऊन नुसती टांगलेली.

"अन् पान नंबर कुठी हाय?" ताईने विचारलं.

"ताई, याच्यात पानं पक्की नसतात. अक्षर मोठं केलं का पानं वाढतात."

"पानाचाच पत्ता नाही, तं मंग पुस्तक कावून म्हणून राहिला?"

आमची मुलगी पूर्वा इंजिनियरिंगला आहे. ती म्हणाली, "बाबा, स्पेस से नहीं होता वो. मी करून देऊ का?"

"हात नको लावू! मी शिकून राहिलो."

मग एका व्हिडिओत मला कळलं, की ई-पुस्तकाची फाइल म्हणजे बांधलेलं गाठोडं असतं. नावाचं शेपूट बदललं, म्हणजे शेवटच्या .epub चं .zip केलं, की ते सुटतं आणि आतले सगळे सुटे भाग दिसतात. सुटे भाग! अरे, मग हे आधी सांगायचं ना! हे तर आपलं काम!

प्लांटातल्या आमच्या दुरुस्ती शॉपची रीत सरळ होती. मशीन खोलायची, कचरा काढायचा, घट्ट आवळून टाकायची. मी गाठोडं सोडलं. आत गाणी होती, पण सोबत फालतूही बरंच होतं. एका फाइलमध्ये इंग्रजीची फक्त एक ओळ. ना गाणं, ना भुलाबाई! काढली. दुसरीत नुसते कंस आणि बाण. तीही काढली. बाकीचं परत बांधलं. पंप जोडल्यावर एखादा बोल्ट उरलाच, तर जुने लोक तो गुपचूप खिशात टाकत आणि पंप चालायचाही. ट्रायल घेतल्याशिवाय मात्र मी एकही पंप कधी सोडला नाही. पुस्तक सोडलं, थेट घराच्या ग्रुपवर.

कोजागिरीच्या संध्याकाळी घर पोरींनी भरलं. ताई नवं लुगडं नेसून भुलाबाईपुढे बसली. "आज मी नाही गाणार," ती म्हणाली. "मोबाइल काढा, वाचा, अन् तुमीच गा."

पोरींनी मोबाइल काढले. मी छाती काढून उभा.

"मामाजी, खुल नहीं रहा!"

"मेरा भी नहीं!"

एकाही मोबाइलवर पुस्तक उघडेना. ताईने माझ्याकडे पाहिलं. "काय झालं रे?"

"जरा... जास्त टाइट झालं असन," मी म्हणालो. ताईचा चेहरा उतरला. मला तर जमीन दुभंगली तर बरं, असं वाटलं.

तेवढ्यात कुंदा खिरापतीचा बंद डबा घेऊन आली. गाणी संपली की हा डबा हलवून आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं, अशी आमची पद्धत. तो डबा बघताच पूर्वाने माझा मोबाइल उचलला, कानाशी धरला आणि खुळखुळ्यासारखा हलवला. "चला, ओळखा! याच्यात काय हाय?"

"सासू वाला गाना!" एक पोरगी ओरडली.

"कोनतं? म्हणून दाखव," ताई म्हणाली.

पोरीने दोन ओळी म्हटल्या आणि अडली. ताईने पुढचा शब्द दिला, दुसरीने ओळ पुरी केली. मग नियमच ठरला. जी ओळखेल तिने गायचं! शेवटचा शब्द ओढणाऱ्या पोरी अख्खं गाणं म्हणू लागल्या. चाली वाकड्या, मराठी त्याहून वाकडी, पण ताई टाळ्या पिटत हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

ताई आता पुण्याला आहे. पोरी व्हिडिओ कॉल लावून तिला गाणी म्हणून दाखवतात, ती चुका काढते. शेवटी मला विचारते, "अन् तुह्या पुस्तकाचं काय झालं रे?"

"ओव्हरहॉलिंग चालू हाय, ताई."

पूर्वा म्हणते, मी काढून टाकलेल्या त्या दोन फाइली परत आत टाकल्या की पुस्तक उघडेल, पाच मिनिटांचं काम आहे. मी तिला अजून हात लावू दिलेला नाही. फोन ठेवला की मी मोबाइल कानाशी धरून हळूच हलवून पाहतो. आत सैल असं काहीच वाजत नाही. म्हणजे फिटिंग पक्कं झालंय!