किल्लीतलं कुंकू

कोथरूडच्या त्या सोसायटीत काहीही बिघडलं, की आगाशे सर आधी बिघडवणाऱ्याला शोधत आणि मग बिघाडाला. लिफ्ट अडकली? शेवटी कोण चढलं होतं? टाकी भरून वाहिली? कॉक कोणी उघडा टाकला? शाळेत पर्यवेक्षक होते, सगळी नोकरी ‘कोणी केलं हे?’ असं विचारण्यात गेली. सर निवृत्त झाले, प्रश्न काही झाला नाही. माणूस वाईट नव्हता हो. धुण्याभांड्याला येणाऱ्या कांताबाईंना ते अहोजाहो करत, दिवाळीला साडी देत, आणि त्यांचा चहा घरच्याच कपातून व्हायचा. फक्त चूक आपल्याही हातून होऊ शकते, हा विचार यज्ञेश्वर आगाशे यांच्या डोक्याच्या वाटेला कधी गेला नव्हता.

दसऱ्याच्याच आठवड्यात त्यांच्या गाडीची किल्ली बंद पडली. बटण दाबलं तर गाडी ढिम्म. सरांनी जवळ जाऊन दाबलं, लांबून दाबलं, किल्ली डोक्यावर धरून दाबलं. मग कर्वे रस्त्यावरच्या दुकानातून नवा सेल बसवून आणला. तरी तेच. शेवटी कपाटातली दुसरी किल्ली काढली आणि तिच्यानं गाडी पहिल्या फटक्यात उघडली. म्हणजे गाडी ठीक होती, रोग किल्लीतच होता. इथवर सरांचं सगळं बरोबर चाललं होतं.

पार्किंगमध्ये पाचसात माणसं गोळा झाली होतीच. आपल्याकडे बंद गाडीभोवती ती आपोआप उगवतात. दुसऱ्या मजल्यावरची शेफाली सहज म्हणाली, “भिजली असेल सर. आमची एकदा धुण्यात गेली होती, सेम झालं होतं.”

सरांना एवढंच पुरे होतं. किल्ली भिजली, म्हणजे खिशातून धुण्यात गेली, म्हणजे कांताबाई. आणि नेमक्या त्याच वेळी कांताबाई फाटकातून आत येत होत्या.

“कांताबाई, खिसे न बघता पँट भिजवलीत ना?”

“नाही ओ काका. मी रोज झटकून बघते. किल्ली नव्हती खिशात.”

“मग काय आपोआप भिजली? धुणं कोण करतं घरात? तूच ना? वर खोटं कशाला बोलतेस?”

पाचसात माणसं ऐकत होती. कांताबाईंनी एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, कोणी काही बोलतंय का ते बघितलं, आणि मान खाली घालून जिना चढायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

सर तेवढ्यावर थांबले असते तर ते आगाशे सर कसले! संध्याकाळी त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर शुद्ध मराठीत मजकूर टाकला: ‘धुणे करणाऱ्या महिला खिसे न तपासता कपडे भिजवतात व विचारल्यास कानांवर हात ठेवतात. आमची गाडीची किल्ली निकामी झाली आहे. सर्वांनी सावध राहावे.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्याच्या त्याच्या घरी हरवलेलं, तुटलेलं, विटलेलं सगळं त्या रात्री कामवाल्या बायकांच्या नावावर जमा झालं. दुसऱ्या दिवशी शेफालीनं कांताबाईंना सांगितलं, “आता भांडीच करा फक्त. कपडे मी मशीनला लावीन.” शेजारच्या बिऱ्हाडानंही तेच केलं. कांताबाई हे सरांच्या घरी काही बोलल्या नाहीत. सरांच्या बायकोला, हेमाताईंना, ते लिफ्टमध्ये कळलं.

रविवारी सर चष्म्याचा बारका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन किल्ली उघडायला बसले. सेल बदलताना नुसतं मागचं झाकण निघालं होतं. आता त्यांनी बटणांखालची पट्टीही उचलली. आत लाल होतं. गंज म्हणावा तर पिवळंही होतं. सरांनी नखानं खरवडून बोट नाकाशी नेलं. हळदकुंकू होतं ते.

दसऱ्याची पूजा त्यांनी स्वतः केली होती. घरोघरी गाडीला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मोकळे होतात. सरांना असलं उरकलेलं चालत नसे. पाटावर पुस्तकं, कात्री, हातोडी, लॅपटॉप आणि गाडीची किल्ली. बाकीच्यांवर फूल बुडवून पाणी शिंपडलं, पण किल्ली हाताशी होती आणि मंत्र रंगात आला होता, म्हणून तिला ताम्हनात घेऊन पळी पळीनं पंचामृत घातलं, वर पाणी घातलं, आणि ओल्या बोटानं बटणांवर हळदकुंकू चांगलं दाबून लावलं. ती ताम्हनातली किल्ली आता त्यांना स्वच्छ दिसत होती, आणि आपलं बोटही.

हेमाताई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी किल्लीत वाकून पाहिलं.

“कुंकू का?”

“हं.”

“बरं. आता ग्रुपवर काय टाकताय? देवानं खिसे तपासले नाहीत म्हणून?”

सरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला, सगळं कोरडं केलं, झाकण बसवलं आणि खिडकीतून बटण दाबलं. खाली गाडी शहाण्यासारखी वाजली. किल्ली आपोआप सुरू झाली असं सांगितलं असतं, तर कोणाला काय कळणार होतं? हा विचार सरांच्या मनात आला, आणि तो आला याचीच त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटली.

सोमवारी कांताबाई आल्या तेव्हा सर दारातच उभे होते.

“कांताबाई, चूक माझी होती. पूजेत मीच किल्ली भिजवली. तुमच्यावर उगाच आळ घेतला. माफ करा मला.”

कांताबाईंनी चप्पल काढली नाही. “काका, मला इथं सांगून काय उपयोग? बोललात खाली, सगळ्यांसमोर. दोन घरचं धुणं गेलं माझं. तिथं येऊन सांगा.”

सरांनी ग्रुपवर लिहायचं ठरवलं होतं. दारोदार जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं? ते कांताबाईंच्या मागोमाग जिना उतरले आणि त्यांनी शेफालीची बेल वाजवली.

शेफालीनं दार उघडलं. सरांनी सगळं सांगितलं. ताम्हन, पंचामृत, हळदकुंकू, काही सोडलं नाही. शेफाली ऐकता ऐकता हसायला लागली.

“काय सर! किल्लीला कोणी पंचामृत घालतं का?”

“मी घातलं.”

“कळलं हो मला. तिचं काम जाऊ नये म्हणून स्वतःवर घेताय. किती मोठं मन आहे तुमचं!”

“अहो, मोठं मन नाही, खरंच मीच—”

“बाई, बघा, असे लोक मिळत नाहीत,” शेफाली कांताबाईंना म्हणाली. “आता तरी नीट काम करा.”

शेजारच्या दारात साधारण हेच झालं. तिथले काका तर सरांची पाठ थोपटून म्हणाले, “सर, तुम्ही देवमाणूस.” सर जितकं जोर देऊन सांगत होते, तितकं ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक वाढत होतं. आळ घेताना कोणाला पुरावा लागला नव्हता, आणि आता कबुलीवर कोणाचा विश्वास बसत नव्हता. पर्यवेक्षक आगाशे यांचा शब्द या सोसायटीत पहिल्यांदाच खाली पडला होता.

ते तिसऱ्या बेलकडे हात नेत होते, तेवढ्यात कांताबाई म्हणाल्या, “काका, राहू द्या. जितकं सांगाल तितकं तुमचंच नाव व्हायला लागलंय.”

सरांनी हात मागे घेतला. कांताबाई त्यांच्या घरची भांडी करायला वर निघाल्या, आणि सर त्यांच्या मागून एकेक पायरी चढू लागले. मान वर करून बघायची त्यांना शरम वाटत होती.