आता कोणी विचारून नाही राहिलं

दिलीप गेल्याचं मला त्याच्या भाचीने फोनवर सांगितलं. मी सदर भागातल्या बँकेच्या रांगेत उभा होतो. "मामा गेले... झोपेतच," एवढंच ती बोलली. रांग पुढे सरकली, मी तिथेच राहिलो. त्याला आता महिना होऊन गेला.

आमची मैत्री एका सॉफ्टवेअरमुळे झाली. मराठीत लिहिण्याचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं; ठिकठिकाणची माणसं हौसेने, मिळून ते बनवतात. मी त्यातली अक्षरवळणं, म्हणजे फॉन्ट, घडवायचो. नोकरीतून निवृत्त झालेला दिलीप, वापरताना अडलेल्या लोकांना त्याच्या ऑनलाइन मंचावर उत्तरं द्यायचा. पत्नी वारल्यापासून घरात तो एकटाच होता.

एकदा भिवापूरच्या मंदाताईंनी मंचावर विचारलं, मिरचीच्या पाकिटांवरचा मजकूर छापताना अक्षरं फुटतात, काय करू? आमच्यातल्या एका जुन्या प्रोग्रामरने उत्तर दिलं, "आधी मदतपान वाचा." त्यांनी लिहिलं, "वाचलं, पण समजलं नाही. माफ करा." आणि त्या पुन्हा आल्याच नाहीत. दिलीपला ते फार लागलं. त्याने त्यांना निरोप धाडून पत्ता मागितला, मला सोबत घेतलं आणि आम्ही भिवापूरची एसटी धरली.

मंदाताईंकडे मिरचीच्या खाटाने आम्ही दोघं ठसकत होतो. दिलीप मंदाताईंच्या मागे स्टूल घेऊन बसला. "तुम्ही पान वाचून वाचून करा ताई, मी काही बोलत नाही." त्या पुन्हा पुन्हा एकाच जागी अडत होत्या. मी सांगायला पुढे झुकलो, तर त्याने माझा हात दाबला. मग दिसलं... पानावर ज्या नावाचं बटण दाबायला सांगितलं होतं, त्या नावाचं बटण पडद्यावर नव्हतंच. नाव कधीच बदललं होतं, पान तसंच राहिलं होतं.

"मले वाटलं, माह्याच डोक्यात नाही शिरून राहिलं," मंदाताई म्हणाल्या.

परतताना दिलीप खिडकीबाहेर बघत होता. "चूक आपली गा, अन् माफी ती बाई मागून राहिली..."

त्यानंतर त्याने सगळी मदतपानं नव्याने लिहायला घेतली. इतकं बाळबोध कशाला, असं म्हणत मंचावरच्या जुन्या मंडळींनी त्याची टर उडवली. काहींनी त्याच्याशी बोलणं सोडलं. तो मला फोन करून एकेक पान वाचून दाखवायचा. "कुठं अडला सांग." अडलो की ते वाक्य पुन्हा लिहायचा. पानं सुधारत गेली, तसे प्रश्न कमी होत गेले. हेच तर हवं होतं. पण एके दिवशी त्याचा फोन आला. "काम झालं म्हणायचं का गा? आता कोणी काही विचारून नाही राहिलं."

मी अभिनंदन केलं. तो हसला. मग फोन ठेवेचना... बराच वेळ मला नुसता त्याच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नातेवाईक होते, शेजारी होते. मंचावरचं कोणी नव्हतं. त्यांनी दिलीपला कधी पाहिलेलंच नव्हतं. मी कळवलं म्हणून मंदाताई मात्र आल्या, मागे बसल्या आणि बुद्धवंदना संपल्यावर भाचीचा हात हातात घेऊन निघून गेल्या. "मामा दिवसभर कॉम्प्युटरवर काय करायचे हो?" भाचीने मला विचारलं. लोकांना मदत, असं मी म्हणालो. ते फारच थोडं वाटलं.

त्याच्या प्रत्येक मदतपानाच्या तळाशी एक ओळ आहे : 'इथवर वाचूनही अडलं, तर विचारा. मी आहे.' गेल्या आठवड्यात कोणीतरी तिथे 'आम्ही आहोत' अशी दुरुस्ती सुचवली. सूचना रास्त आहे. आता ती पानं माझ्याकडे असल्याने मंजुरी मलाच द्यायची आहे. रोज सकाळी चहा घेऊन बसतो, ती ओळ उघडतो... आणि तशीच बंद करतो.