डबीवरचं कुंकू

मोटारसायकलवर लांब फिरायला जायचं तर रस्ता दाखवायला मोबाइल पुरतो, का वेगळं जीपीएस घ्यावं? ह्या एका प्रश्नानं मी अख्ख्या धाराशिवला बेजार केलं होतं. गॅरेजवाल्याला विचारलं, बँकेतल्या साहेबाला विचारलं, सलूनवाल्याला तर अर्धी दाढी झालेली असताना विचारलं. त्या बिचाऱ्याकडं साधी सायकल होती. शेवटी लडाखला जाऊन आलेला एक दोस्त म्हणाला, "गाडीच्या हादऱ्यानं मोबाइलचा कॅमेरा जातो. उन्हात तापून बंद पडतो. अन् ऐन फाट्यावर कुणाचा फोन आला की नकाशा गायब!" झालं! माझ्या अंगातच आलं.

"मोबाइल आहे की दोघांकडं," बायको म्हणाली.

"अगं, तुला त्यातलं काय कळतंय!" असं म्हणून मी जीपीएसची डबी मागवली.

मला जायचं होतं हम्पीला, आणि हिला मागं बसवून. पोरं पुण्याला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आमचं बोलणं 'भाजी काय आणू' आणि 'गॅस बंद केला का' एवढ्यावर आलेलं. एकट्यानं हम्पी बघण्यात मला काडीचाही रस नव्हता. पण तिनं अट घातली. "आधी नळदुर्गचा किल्ला दाखवून आणा. नीट पोचलो तर हम्पीला येते. नाहीतर तुम्ही अन् तुमची डबी, जा दोघं."

नळदुर्गला मी डोळे झाकून गेलो असतो. पण मग डबीचा रुबाब कसा कळणार? मोबाइलला जमत नाही ते डबीला जमतं म्हणून मी तिच्यात वळणावळणाचा आडरस्ता निवडला, आणि हिला बजावलं, "आज पर्समधनं मोबाइल काढायचा नाही. आज डबीची परीक्षा."

निघायच्या आधी पूजा. आमच्याकडं नवी वस्तू हळदकुंकू लागल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, मग ती पाण्याची मोटर असो का मिक्सर. बायकोनं डबीच्या कडेला टिकलीएवढं कुंकू लावलं. "एवढंसं काय लावतीस?" म्हणत मी ओल्या कुंकवात पाची बोटं बुडवली आणि ऐन काचेवर वरपासून खालपर्यंत ओढली. वर अक्षता चिकटवल्या. नारळ फोडला. कुंकू वाळलं, आणि त्याच्याखाली रस्त्याची निळी रेघ पार बुडाली. पुसावं तर पूजेचं कुंकू त्या दिवशी पुसत नाहीत. आणि डबी बोलून रस्ता सांगते, पण ते ऐकायला हेल्मेटात वेगळं यंत्र बसवावं लागतं, हे मला डबी घरी आल्यावर कळलेलं, आणि ते यंत्र काही मी घेतलं नव्हतं.

तुळजापूरपर्यंत काहीच अडचण आली नाही. पुढं आडरस्ता लागला. पहिल्या फाट्यावर डबीकडं बघितलं तर अनामिका आणि करंगळीच्या पट्ट्यांमधे रस्त्याचा एक तुकडा, बाकी सगळं लालेलाल. मागं वळून विचारलं, "काय गं, डावीकडं का उजवीकडं?"

"डावीकडं," ती ठामपणे म्हणाली.

मला वाटलं, हिला मागनं काच दिसत असणार. पुढच्या फाट्यावर परत विचारलं. "उजवीकडं घ्या." मग विचारतच राहिलो. एका जागी कडब्याची गंजी, एका जागी शेततळं, एका जागी रस्ता संपून नुसती नांगरट. मागं फिरलो, पुन्हा विचारलं. मधल्या वेळात ती बोलत होती. धाकट्या मावशीच्या लग्नातली भांडणं सांगितली, शाळेत असताना चिंचा पाडल्या ते सांगितलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दुपार कलल्यावर डांबरी हमरस्ता लागला. मी छाती फुगवली. पाटी वाचली तर तामलवाडी! म्हणजे सोलापूरचा रस्ता. नळदुर्ग राहिलं भलतीकडंच.

हाटेलात चहा सांगितला. हाटेलवाल्यानं गाडीकडं बघून विचारलं, "पाव्हणं, डबीत कुठला देव बसवलाय?" मी मान खाली घातली. लाज तर वाटत होतीच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. हम्पी गेली. आता ही काही मागं बसत नाही.

"हरलो बाबा," मी म्हटलं. "जातो एकटाच."

"एकटे कशाला? मी येणार आहे."

"एवढं चुकून?"

"चुकले तर मी. मला कुठं रस्ता ठाऊक होता! ती काच मला मागनं दिसत पण नव्हती. बरी झाडं दिसली की तिकडं म्हणत होते."

"अगं मग तसं सांगायचं की!"

तिनं बशीतला चहा संपवला, पदरानं तोंड पुसलं.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही मला विचारायचं बंद केलं असतं."