भाभीच्या खिशातला गूळ

शुद्धीवर आले तेव्हा नाकाला चप्पल लावलेली होती.

रबरी, मळकी. तळ माझ्या तोंडाकडे. कारखान्याच्या लाईनवर आम्ही सगळ्या बूट घालायचो. चपला बाहेरच्या रॅकवर राहायच्या. म्हणजे कोणाला तरी तिथपर्यंत पाठवून ती मुद्दाम आणवली होती.

"धर अजून जरा. फीट हाय ती. चपलीनंच उतरती," सुपरवायझर सांगत होता. मग बाकीच्या बायांकडे वळून म्हणाला, "का घरनंच काय लावून येती, इचारा एकदा."

बाया हसल्या. माझे डोळे पुरते उघडत नव्हते. कान उघडे होते.

मग चप्पल बाजूला झाली. कोणीतरी ती ढकलली होती. गालाच्या आतून गूळ लावलेलं बोट फिरलं.

"चघळ, पोरी. गिळ." शमीमभाभीचा आवाज.

मला फीट आली नव्हती. मला मधुमेह आहे. सकाळी इन्सुलिन घेतलं की वेळेवर खावं लागतं. त्या दिवशी गाडी भरायची होती म्हणून नाश्त्याची सुटी पुढे ढकलली होती. साखर उतरली आणि मी पडले. एवढंच घडलं होतं. पण ते सांगायची सोय नव्हती. सणसवाडीच्या त्या कारखान्यात आम्ही ठेकेदाराच्या बाया होतो. आजारी बाई दुसऱ्या दिवशी गेटवरून परत जाते, हे मी पाहिलं होतं. ठेकेदार जवळच्याच गावातला, कारखान्याला जमीन दिलेल्या घरातला. सुपरवायझर त्याचा पुतण्या. दाद मागायची ती त्या दोघांच्या घराबाहेर कुठे नव्हतीच.

म्हणून मी गप्प बसले. चप्पल पुसून रॅकवर गेली. मी वायरींचे जुडगे बांधायच्या बोर्डपाशी उभी राहिले आणि वायरी ओढायला लागले.

गप्प बसायला मला घरीच शिकवलं होतं. आमचं गाव यवतजवळ. वडील गुऱ्हाळावर कामाला, काहिलीपाशी. त्यांच्या अंगाला, कपड्यांना, आमच्या अंथरुणालाही गुळाचा वास. मी चौथीत असताना डॉक्टरांनी सांगितलं, आयुष्यभर सुई घ्यावी लागेल. घरी आल्यावर वडील म्हणाले, "कुणाला सांगायचं न्हाई. पोरीची जात हाय." त्या दिवसापासून मी भिंतीकडे तोंड करून सुई घेत आले.

शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत आले तेव्हा घरमालकिणीला विचारलं होतं, औषधाची बाटली तुमच्या फ्रिजमध्ये ठेवू का. आतून आवाज आला, "देवाचं दूध असतंय त्यात. सुया-बिया नको."

शेजारच्या खोलीतल्या शमीमभाभीने ते ऐकलं. भाभी शिरूरची, माझ्याच लाईनवर कामाला. नवरा टेम्पो चालवायचा. दोन मुली सासूपाशी शिरूरला. ती संध्याकाळी एक कुंडी घेऊन आली. कुंडीत वाळू भरली, वाळूत छोटं मडकं बसवलं, मडक्यात बाटली. वाळू ओली ठेवायची, बाटली गार राहते. मी माझी वाळू विसरायचे. भाभी विसरायची नाही. जाता-येता तांब्याभर पाणी ओतून जायची. आजार काय, कधीपासून, लग्नाचं काय, यातलं तिने काहीच विचारलं नाही. एकदाच म्हणाली, "हात थरथरतात तवा काय द्यायचं, तेवढं सांगून ठेव."

मी सांगितलं, गूळ. वडिलांनाही फोनवर सांगितलं. पुढच्या आठवड्यात गावाकडच्या माणसाबरोबर गुळाचे लहान खडे आले, बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळलेले. ज्यांनी मला आयुष्यभर गुळाला हात लावू दिला नाही, त्या वडिलांनी ते बसून गुंडाळले होते.

चपलेच्या प्रकारानंतर गेटवर माझे खिसे तपासायला लागले. नशेचा संशय. लाईनवर खायची वस्तू न्यायला बंदी होतीच. पहिल्याच दिवशी खडे काढून घेतले. दुसऱ्या दिवसापासून भाभी ते स्वतःच्या खिशात ठेवायला लागली. आमची खूण ठरली. मी टोपीची कड ओढायची, तिने यायचं.

रमजान लागला. भाभीचे रोजे सुरू झाले. पाण्याचा थेंब नाही. खिशात मात्र गूळ, रोज. मी म्हटलं, "भाभी, एवढा महिना राहू द्या."

"तुझी साखर रमजान बघून उतरती का गं?" ती म्हणाली.

एका दुपारी वायरीच्या टोकाचं टर्मिनल खाचेत बसेना. बोटं ऐकत नव्हती. मानेवर गार घाम. मी टोपी ओढली. भाभी तिचा बोर्ड सोडून निघाली. अर्ध्या वाटेत सुपरवायझरने तिला अडवलं. तो तिच्यापेक्षा वयाने बराच लहान.

"ए शमीम, कुठं निघाली? खिशात काय हाय? काढ."

तिने काढलं. बटर पेपर उघडला.

"रोजा हाय ना तुझा?"

"हाय."

"मंग हे काय? महिनाभर उपाशी असल्याचं तोंड करून हिंडती, आन् हिकडं गूळ चघळती व्हय?"

पुन्हा हसू. तेच हसू.

"खा आता. सगळ्यांच्या म्होरं खा. न्हाईतर गेटभायेर हो."

भाभीने मान खाली घातली. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. हा माझा नाही, तिचा आहे. ती बोलली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही, कारण तिने पाहिलं असतं तर सगळ्यांनी पाहिलं असतं. तिचा हात हळूहळू तोंडाकडे निघाला.

मी बोर्ड सोडला. फरशी हलत होती. तिच्या तळहातावरचा खडा मी उचलला.

"गूळ माझा हाय," मी म्हटलं. "मला शुगर हाय. चौथीपासून सुई घेते. त्या दिवशी मला फीट आली नव्हती, साखर उतरली होती. तुम्ही माझ्या नाकाला चप्पल लावली."

आणि सगळ्यांसमोर खडा तोंडात टाकला. लाईन थांबली होती. या वेळी कोणी हसलं नाही.

सुपरवायझरने आधी आमच्या बोर्डांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "आजारी माणूस आमाला चालत न्हाई," म्हणाला. "आन् लपवणारंबी न्हाई. दोघी आत्ताच निघा, उद्यापासनं येऊ नका."

गेटबाहेर ट्रकांची रांग होती. आम्ही कंपाउंडच्या सावलीत बसलो. माझा घाम अजून वाळला नव्हता. भाभीचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"बोलली कशाला?" ती म्हणाली. "खाल्ला असता मी. मोडलेला रोजा नंतर धरता येतो. नोकरी कुठनं धरायची?"



ईद व्हायच्या आत तिने खोली सोडली. आता ती शिरूरला असते, साड्यांना फॉल लावते. दुसऱ्याच्या दुखण्यापायी घरातली भाकरी घालवली, असं सासू म्हणते. हे मला तिच्या धाकट्या मुलीकडून कळलं. भाभी फोन करते तेव्हा एकच विचारते, "वाळू ओली हाय ना?"

वाळू आता मी स्वतः ओली ठेवते. शेजारच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं आहे.

मला शिक्रापूरच्या एका गोदामात पॅकिंगचं काम मिळालं. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुटीत सगळ्या डबे उघडून बसल्या. मी भिंत शोधली नाही. त्यांच्यामध्ये बसले, कुर्ता बाजूला केला, सुई घेतली. बायांचे हात थांबले. डब्यांकडचे डोळे माझ्याकडे आले. दारातून तिथला सुपरवायझरही बघत होता.

मी त्याला ऐकू जाईल असं सांगितलं. मला शुगर आहे. हात थरथरले तर खिशातला गूळ द्या. पडलेच तर दवाखान्यात न्या. चप्पल हुंगवायची नाही. कामावरून काढायचं असेल तर आजच काढा, पण कारण सगळ्यांसमोर सांगा.

तो निघून गेला. एक बाई उठून लांब बसली. मी डबा उघडला.

उद्या काढतील, न काढतील. माझा गूळ यापुढे माझ्याच खिशात राहील. त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाला मान खाली घालू देणार नाही.