डोंग्याच्या मोटरचं तेल

त्या मोटरच्या आवाजानं माझे कान किटले होते. अंगणात फवारणीचा जुना ड्रम पाण्यानं भरून ठेवलेला, त्याच्या काठाला फळी बांधलेली आणि फळीला डोंग्याची, म्हणजे आमच्या छोट्या नावेची, मोटर अडकवलेली. दोरी ओढली की ती चालू व्हायची, रेस दिली की ड्रममधलं पाणी माझ्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर उडवायची, आणि रेस कमी केली की दोन-चार ठसके देऊन गप्प. मग आमचे हे पुन्हा दोरी ओढायचे. सकाळचा चहा झाला की हे सुरू, ते मी जेवायला हाक मारेपर्यंत.

मी हेल्पर. जन्मभर पहिलीच्या पोरांना शिकवून शिकवून थकले होते, रिटायर झाल्यावर जरा पाय पसरून बसीन म्हटलं होतं, तर हातात पाना आला. "हा नाही वो, लहानवाला," हे म्हणायचे. लहानवाला दिला की तो फारच लहान निघायचा. शेजारचा पोरगा येता-जाता भिंतीवरून डोकावायचा. "काकू, मोटरले एकदा जामसांवलीच्या देवळात भूत उतरवाले नेऊन पाहा. तिच्या अंगात आलं असन." मी त्याला म्हटलं, आधी तुलाच नेते.

पण ते काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमची संत्र्याची बाग धरणाच्या पलीकडे आहे. धरण झालं तेव्हा मधली जमीन पाण्यात गेली, घर अलीकडे राहिलं आणि झाडं पलीकडे. रस्त्यानं जायचं तर रामाकोन्याकडून मोठा फेरा पडतो, आणि शेवटच्या तुकड्यावर मोटरसायकलसुद्धा ढकलत न्यावी लागते. म्हणून ह्यांनी पत्र्याचा डोंगा केला आणि एका मासेमारी करणाऱ्याकडून ही जुनी मोटर घेतली. सकाळी एकटेच जायचे, उन्हं उतरली की परत यायचे.

दिवाळीनंतर एकदा काठाजवळ येताना ह्यांनी मोटर हळू केली आणि ती बंदच पडली. वारा सुटलेला होता. डोंगा वाहत वाहत पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळींमध्ये जाऊन अडकला. हे तिथेच बसून. मी काठावरून पाहून राहिले होते आणि मला काही करता येत नव्हतं. शेवटी जाळं टाकणारे दोघं आले, त्यांनी दोर बांधून ओढत आणलं. हे उतरले आणि मला म्हणाले, "चहा ठेव." जसं काही बाजारातून आले.

मुलगा नागपूरला नोकरीला असतो. त्याला कोणीतरी कळवलंच. त्यानं फोनवर स्पष्ट सांगितलं, "रविवारी येतो मी, बाबा. मोटर स्लोवर नीट टिकली तर ठीक. नाही टिकली तर डोंगा विकायचा अन् बाग ठेक्यानं द्यायची. मला रोजची ही धाकधूक नको." ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसले. जेवताना म्हणाले, "बाग गेली तं मी दिवसभर काय करू? तुह्यासंगं मेथी निसू?"

"निसा. हात नाही मोडणार," मी म्हटलं. पण मला बरं नाही वाटलं. हा माणूस लग्नातही पाहुण्यांशी दोन शब्द बोलून मांडवामागे जाऊन झाडं पाहत बसतो. बागेत नसला की तो कुठेच नसतो, हे मला माहीत आहे.

मग आम्ही त्या मोटरच्या मागे हात धुऊन लागलो. ह्यांनी प्लग काढला. काळाकुट्ट आणि तेलकट. तो पॉलिश पेपरनं घासून पुसून लावला. मोटर छान चालली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कार्बोरेटर उघडला. त्याची बारीक भोकं पेट्रोलनं धुतली, फुंकली, मी ताटात एकेक स्क्रू सांभाळत बसले. पुन्हा छान चालली, पुन्हा दुसऱ्या दिवशी ठसके. नवा प्लग आणला. त्याचंही तेच झालं. मला तर वाटायला लागलं की ही मोटर माझ्यावरच कशाचा तरी सूड काढून राहिली आहे.

शेवटी ती पोत्यात बांधून आम्ही सौंसरला नेली, फवारणीचे पंप दुरुस्त करतात त्या दुकानात. ह्या मोटरचं आणि फवारणीच्या पंपाचं खाणं एकच असतं, पेट्रोलमध्ये मापानं ऑइल मिसळून द्यावं लागतं. दुकानदारानं प्लग काढून बोट फिरवलं. "काकाजी, प्लग गिल्ला होऊन राहिला. ऑइल जास्त होऊन राहिलं तुमचं."

हे तिथेच भडकले. "माही जिंदगी गेली फवारणी करन्यात. मले माप शिकवते का?" मीही ह्यांचीच बाजू घेतली. मापाच्या बाबतीत हा माणूस इतका काटेकोर की चहात साखर टाकतानाही चमचा बोटानं सपाट करतो. परत येताना बसमध्ये आम्ही दोघं पेट्रोल पंपवाल्याला नावं ठेवत आलो, त्यानंच काही मिसळलं असणार म्हणून.

शुक्रवारी मी दुसरीकडून पेट्रोल आणवलं. ह्यांनी माझ्यासमोर डबकीत, पेट्रोलच्या छोट्या कॅनमध्ये, ओतलं, ऑइल झाकणानं मोजून टाकलं, डबकी हलवली. मोटर ड्रमवर चालवली. रेस अगदी कमी केली तरी ती शांतपणे टुकटुक करत राहिली. "आयक," हे म्हणाले, "आयक कशी चालून राहिली." किती दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झालेला पाहिला मी. मलाही हलकं वाटलं. म्हटलं, सुटलो.

दुपारी मी ओट्यापाशी चहा गाळत होते. खिडकीतून अंगण दिसतं. हे पडवीत आले, डबकी उचलली, हलवून पाहिली. मग ऑइलची बाटली घेतली, झाकण उजेडाकडे धरून बरोबर रेघेपर्यंत भरलं आणि डबकीत ओतलं. एक थेंब सांडू दिला नाही. डबकी हलवली, झाकण घट्ट लावलं, हात पुसले आणि आत आले. मला वाटलं, काही कमी राहिलं असेल. चहा पिऊन ते उठले, पडवीत गेले, डबकी उचलली, हलवली, आणि बाटली घेतली. पुन्हा झाकण उजेडाकडे धरलं.

मी कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. एवढ्या दिवसांत प्लग झाला, कार्बोरेटर झाला, पंपवाल्याला शिव्या देऊन झाल्या. आणि घरातली गोष्ट घरातच होती. मग एकेक आठवायला लागलं. लाइटबिल भरलं का, हे ह्यांनी एकाच सकाळी मला किती वेळा विचारलं होतं. वहिनींच्या घरी जाताना हे वळण चुकले होते, आणि मी म्हटलं होतं, लक्ष कुठे आहे तुमचं. मला रडायला आलं नाही. फक्त खूप थकवा आला, जमिनीवर बसून घ्यावं असा.

शनिवारी मी ते पेट्रोल ओतून दिलं, नवं आणवलं. ह्यांना एकदा माप टाकू दिलं आणि डबकी कोठीत ठेवून कुलूप लावलं. बाटलीही.

रविवारी मुलगा आला. आम्ही तिघं मोटर घेऊन काठावर गेलो. त्यानं स्वतः मोटर लावली, दोरी ओढली, रेस शेवटपर्यंत कमी केली आणि घड्याळाकडे पाहत उभा राहिला. मोटर टिकली. आता बंद पडेल, मग पडेल म्हणून तो वाट पाहून थकला. "झालं बाबा," तो हसून म्हणाला, "जिंकले तुम्ही. जा बागेत." त्याला माझ्या तोंडाकडे पाहायचं सुचलं नाही. त्याला सांगावं लागणार, हे मला कळत होतं. पण त्या दिवशी नाही.

हे डबकी घेऊन डोंग्यात चढत होते. "अवो, तेल टाकलं का यात?"

"टाकलं."

मी साडी खोचली आणि डोंग्यात जाऊन बसले. दोघंही माझ्याकडे पाहत राहिले, कारण मी त्या डोंग्यात आजवर पाय ठेवला नव्हता. मुलाला वाटलं, आईला आनंद झाला आहे. तो काठावरून हात हलवत राहिला.

पाण्याच्या मधोमध आल्यावर ह्यांनी मागे वळून डबकीकडे पाहिलं. "तेल टाकलं ना वो?"

"टाकलं म्हणते ना," मी खेकसले. आवाज फारच चढला.

हे समोर पाहत म्हणाले, "रागावू नको. मले अलीकडे आठवत नाही. टाकलं का नाही टाकलं, काहीच नाही आठवत. मंग टाकून देतो. जास्त झालं तं मोटर नुसती बंद पडते. कमी झालं तं जळून जाते."

शुक्रवारपासून मी समजत होते की हे फक्त मलाच ठाऊक आहे, आणि ह्यांच्यापासून लपवून ठेवायचं आहे. "मग मला सांगायचं ना," मी म्हटलं.

"सांगतलं असतं तं डोंगा गेला असता."

पलीकडचा काठ जवळ आला. ह्यांनी रेस कमी केली. मोटर हळूहळू, न अडखळता चालत राहिली.

"उद्यापासून तेल मी टाकीन," मी म्हटलं. "आणि रोज सोबत येईन."

"तुले तं पान्याचं भ्या वाटते."

"वाटते," मी म्हटलं.