सैंधवाची बरणी

संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झालं, तरी वडिलांची राजवाड्याजवळची कचेरी तीच होती आणि आमच्या घरची एकादशीही तीच. उपासाला साधं मीठ चालायचं नाही. त्यासाठी सैंधवाची वेगळी बरणी असे आणि तिला आईखेरीज कुणी हात लावायचा नाही. नैवेद्य दाखवण्याआधी चव घेणं तर महापाप!

त्या एकादशीला वडील साबुदाण्याची खिचडी खाऊन, "आज मीठ जरा उग्र लागतंय," एवढंच म्हणाले आणि कचेरीत गेले; आई आणि मी अजून खायच्या होतो. थोड्या वेळाने कल्हईवाला दारात आला. आदल्या दिवशी आमच्या भांड्यांना कल्हई लावताना त्याचा नवसागर संपला, म्हणून आईनेच बाजारातून पुडी आणवून दिली होती. "बाईसाहेब, कल का बचा हुआ नौसादर दे दो," तो म्हणाला. आई फळीकडे गेली आणि तिथेच थिजली. ती पांढऱ्या भुकटीची पुडी तिने सकाळी सैंधव समजून बरणीत ओतली होती. तिने त्याला कसंबसं उद्या यायला सांगितलं.

मला शाळेतला प्रयोग आठवला. त्याच आठवड्यात मास्तरांनी वर्गात मीठ आणि नवसागर एकत्र करून तापवलं होतं. नवसागराचा पांढरा धूर होऊन तो वर पालथ्या धरलेल्या नरसाळ्याला चिकटला, मीठ खाली राहिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी चाखू का विचारलं, तर मास्तर गरजले, "चाख, और सीधा मसान में जा!" तेव्हा आम्ही हसलो होतो.

मी बरणीतली चिमूटभर भुकटी लोखंडी पळीत घालून शेगडीवर धरली. धूर येऊ नये, येऊ नये, असं पुटपुटत होते. आला. वर धरलेली गार वाटी आतून पांढरी झाली.

वळून पाहते तर आई वडिलांच्याच ताटात उरलेली खिचडी वाढून घेऊन भराभर घास घेत होती. मी तिचा हात धरला, तिने तो झटकला.

"त्यांनी खाल्लीय ना? मग मला काय वेगळं व्हायचंय? तू जा, कचेरीत बघून ये. बोलू नकोस काही, नुसतं बघ."

मी कृष्णपुऱ्याच्या पुलावरून अनवाणी धावत सुटले. कचेरीच्या खिडकीतून डोकावले, तर वडील शेजारच्या कारकुनाशी हसत बोलत होते. जीव भांड्यात पडला. आणि लगेच आठवलं, आईने त्यांच्या दुप्पट खाल्लंय. परतीचा रस्ता संपता संपेना.

आई मोरीजवळ भिंतीला टेकून बसली होती. ओकून ओकून डोळे लाल झाले होते.

"बरे आहेत?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग मी उगाचच गं खाल्लं," म्हणत ती चक्क हसली.

मला असा राग आला की रडूच फुटलं. "आणि तुम्ही दोघं गेला असतात, तर मी कुणाकडे गेले असते?" मी ओरडले.

आईचं हसू थांबलं. माझा विचारच तिच्या मनात आला नव्हता.